तीस क्रेडिट पॉइंट आणि हार्ट सर्जन

महाराष्ट्रात डॉक्टरकी चालू ठेवायची असेल तर मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी तीस क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. ते मिळतात कुठे, तर कॉन्फरन्सला, सीएमईला (डॉक्टरांच्या उजळणीच्या लेक्चरला), वर्कशॉपला. स्किनच्या डॉक्टरला तीस, डोळ्यांच्या डॉक्टरला तीस, आणि जो रोज सकाळी कुणाचं तरी हृदय थांबवतो आणि दुपारच्या आत परत चालू करतो त्यालाही तीसच. हॉटेलच्या हॉलमधे सही करायची, दोन सेशन ऐकायची, लंचला जुने बॅचमेट भेटतात, झालं प्रोफेशनल डेव्हलपमेंट. त्या पाच वर्षांत त्याचे किती पेशंट गेले, किती परत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, घ्यावे लागले, त्याच्या टीममधल्या किती सिस्टर नोकरी सोडून गेल्या, हे कुणी विचारत नाही.

मी सर्जन नाही हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमधे तेच येईल. मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणारा. पेशंटचं हृदय बंद असतं तेव्हा त्याचं रक्त माझ्या मशीनमधून फिरत असतं आणि मी सर्जनच्या पाठीमागे बसलेला असतो. फोटोत आम्ही कधी नसतो पण तिथून दिसतं मात्र सगळं, कुणाचा हात चांगला, कुणाचं डोकं शांत, आणि कुणाच्या ओटीत सकाळी आठपासून श्वास रोखून काम चालतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे हार्ट सर्जनचा हात घडवायला अकरा-साडेअकरा वर्षं देतात, पण सहा-सात माणसांना सोबत घेऊन काम कसं करायचं, आपल्याच रिझल्टकडे चारचौघांत बसून कसं बघायचं, यासाठी अकरा तासही ठेवलेले नाहीत. आणि माझ्या अनुभवात पेशंट जातो तेव्हा बऱ्याचदा टाका चुकलेला नसतो, कुणीतरी बोलायचं ते बोललेलं नसतं.

हे थोडं जवळून दाखवतो. बायपास संपलं, हार्ट चालू झालं, पेशंट पंपावरून, म्हणजे माझ्या मशीनवरून, उतरला की हेपारिनचा, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाचा, असर घालवायला प्रोटामिन देतात. ते देणं अ‍ॅनेस्थेटिस्टच्या, म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरच्या, हातात. आता प्रोटामिन सुरू झालं की मला माझे सकर बंद करावे लागतात, म्हणजे छातीतलं रक्त ओढून मशीनमधे परत आणणाऱ्या नळ्या, कारण प्रोटामिन मिसळलेलं रक्त रिझर्व्हॉयरमधे आलं तर सर्किटमधे गुठळ्या होणार आणि पुढच्या दहा मिनिटांत हार्टने मान टाकली तर पेशंटला परत पंपावर घ्यायला मशीनच उरणार नाही. यावर उपाय काय, तर तीन माणसांनी तीन वाक्यं मोठ्यानं बोलायची. अ‍ॅनेस्थेटिस्ट मॅडम म्हणतात, प्रोटामिन सुरू करते. मी म्हणतो, सकर बंद. सर्जन सर म्हणतात, ओके. चार सेकंद लागतात.

एका हॉस्पिटलमधे, नाव कशाला, सरांना ओटीत आवाज आवडायचा नाही. त्यांना एकाग्रता लागायची, ते खरंही होतं, हात तर असा की बघत राहावं. पण त्यामुळे मॅडम खुणेनं विचारायच्या, सर मान हलवायचे, आणि मी मागे बसून अंदाज बांधायचो की मान कशासाठी हलली. एक दिवस ती मान माझ्या नजरेतून सुटली आणि प्रोटामिन अर्धं जाईपर्यंत सकर चालू होता. नशीब चांगलं, पेशंटला परत पंप लागला नाही. सर्किट नंतर उघडून बघितलं तर फिल्टरवर गुठळ्या बसलेल्या. मी ते रजिस्ट्रारला, म्हणजे सरांच्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरला, दाखवलं, त्यानं बघितलं, म्हणाला 'सरांना आज नको सांगूस', आणि तो विषय तिथंच मिटला. कुठे लिहिलं गेलं नाही, मीटिंगला आलं नाही, त्यातून कुणी काही शिकलं नाही. रजिस्ट्रारला तरी काय दोष द्यायचा, त्याला अजून दीड वर्ष त्याच सरांच्या हाताखाली काढायचं होतं आणि केसेस मिळणार की नुसतं बायपाससाठी पेशंटच्या पायातली व्हेन काढत बसायचं हे तेच ठरवणार होते.

यावर नेहमीचं उत्तर येतं की ओटी म्हणजे लोकशाही नव्हे, जहाजाला कॅप्टन एकच असतो. मान्य. एओर्टा, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, फाटली आणि रक्ताचा फवारा उडाला की तिथं मतदान घ्यायचं नसतं, एकाच आवाजात ऑर्डर यायला हवी आणि बाकीच्यांनी ती पाळायला हवी. पण असं किती वेळ चालतं? चार तासांच्या केसमधे पाच मिनिटं. उरलेल्या वेळात जो कॅप्टन कुणाचं ऐकूनच घेत नाही त्याला त्या पाच मिनिटांत उपयोगी पडेल अशी माहिती कोण देणार?

हे नुसतं माझं रडगाणं आहे असं वाटत असेल तर एक अभ्यास सांगतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत छाती न उघडता छोट्या कापातून हार्ट सर्जरी करायचं नवं तंत्र आलं. त्यात एओर्टा बाहेरून क्लॅम्प करत नाहीत, मांडीच्या धमनीतून फुगा वर नेऊन आतून फुगवतात. सर्जनला तो फुगा दिसत नाही. तो जागेवर आहे की सरकला हे इकोच्या स्क्रीनवर अ‍ॅनेस्थेटिस्टला दिसतं आणि प्रेशरवरून परफ्युजनिस्टला कळतं. म्हणजे त्यांनी सांगायचं आणि सर्जनने ऐकायचं, वर्षानुवर्षांची सवय उलटी. हार्वर्डच्या एमी एडमंडसन, रिचर्ड बोहमर आणि गॅरी पिसानो यांनी १६ हॉस्पिटलं घेतली, ६६० ऑपरेशनं पाहिली आणि कोणती टीम हे लवकर शिकते ते मोजलं. आपल्याला वाटेल की मोठं नाव असलेलं हॉस्पिटल, सीनियर सर्जन, डिपार्टमेंटचा हेड, हे पुढे जाणार. तसं काही निघालं नाही. जिथं सर्जनने टीम स्वतः विचार करून निवडली, तीच टीम एकत्र ठेवली, आणि पहिल्या दिवशीच सांगितलं की हे मलाही नवीन आहे, तुम्ही बोलला नाहीत तर मला कळणार नाही, त्या टीम पुढे गेल्या. त्यांच्यातला एक तर तुलनेनं तरुण सर्जन होता. जिथं हेडने 'हे काय, मी करतो, तुम्ही साथ द्या' असं धरलं तिथं ऑपरेशनचा वेळ कमी व्हायला फार दिवस लागले. हे छापून आलं २००१ साली. आपल्याकडे एमसीएचच्या, म्हणजे हार्ट सर्जन होण्याच्या शेवटच्या पदवीच्या, कुठल्या लेक्चरला हे शिकवलेलं मी तरी ऐकलं नाही.

त्याच २००१ साली इंग्लंडमधे ब्रिस्टलचा रिपोर्ट आला. ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत लहान मुलांच्या हार्ट सर्जरीचे रिझल्ट कित्येक वर्षं इतर ठिकाणांपेक्षा वाईट होते. स्टीफन बोल्सिन नावाचा अ‍ॅनेस्थेटिस्ट १९८८ ला तिथं आला, त्याच्या लक्षात आलं, तो आकडे जमवत आणि वरिष्ठांना सांगत राहिला. त्याचं ऐकलं नाही. जानेवारी १९९५ मधे एका दीड वर्षाच्या मुलाचं ऑपरेशन करावं की नाही यावर आदल्या संध्याकाळी डॉक्टरांची मीटिंग झाली, बोल्सिनचा विरोध होता, तरी ऑपरेशन झालं आणि मूल गेलं. मग चौकशी बसली, इयन केनेडी तिचे प्रमुख. १९९१ ते ९५ या काळात, तशीच केस इतर ठिकाणी झाली असती तर वाचली असती अशी तीसेक बाळं तिथं गेली असा त्यांचा निष्कर्ष. बोल्सिन तोवर देश सोडून ऑस्ट्रेलियाला गेला होता.

पण केनेडींच्या रिपोर्टची खरी गंमत, गंमत कसली म्हणा, पुढे आहे. त्यांना तिथं राक्षस सापडले नाहीत. मन लावून काम करणारे, पेशंटची काळजी असलेले डॉक्टर सापडले, ज्यांना स्वतःचं काम बाहेरून बघता येत नव्हतं, आणि आतली सत्ता चार-दोन लोकांच्या हातात होती. मग त्यांनी १९८ शिफारशी केल्या आणि त्यात डॉक्टरांच्या शिक्षणात ज्या सहा गोष्टींना जास्त जागा द्या म्हणून सांगितलं त्यात संवाद, टीमवर्क, वेगवेगळ्या पेशाच्या लोकांनी एकत्र शिकणं, स्वतःच्या कामाचं ऑडिट आणि लीडरशिप हे सगळं आहे. म्हणजे तीसेक बाळांच्या मृत्यूची कारणं शोधता शोधता एक चौकशी आयोग सिलॅबसपर्यंत पोचला. लोक लीडरशिप म्हटलं की सॉफ्ट स्किल, कॉर्पोरेट चाळे म्हणून हसतात, म्हणून हे सांगतोय.

आता आपल्याकडे बघा. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस तीन, एमसीएच तीन, मधे बाँड आणि एंट्रन्सच्या तयारीत गेलेली वर्षं वेगळी. माणूस पस्तिशीला येतो तेव्हा पहिली स्वतंत्र बायपास करतो, आणि तोपर्यंत त्याचा कार्डिऑलॉजिस्ट मित्र स्टेंट टाकून घर घेऊन बसलेला असतो. सीव्हीटीएसच्या, म्हणजे हार्ट आणि थोरॅसिक (छातीच्या) सर्जरीच्या, सीट दरवर्षी रिकाम्या राहतात यात आश्चर्य काही नाही. त्यावर उपाय म्हणून कट-ऑफ खाली आणतात. कट-ऑफ खाली आणून सीट भरेल हो, पण पोरं का येत नाहीत हे कुणी त्यांना बसवून विचारलं आहे का? पैसे हे एक कारण आहेच. दुसरं कारण इंटर्नशिपलाच दिसतं, सीव्हीटीएसचा रेसिडेंट कसा जगतो ते बाकीचे बघत असतात. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममधे आठवड्याला ४८ तास लिहिलेत, २०२४ मधे एनएमसीच्याच (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) टास्क फोर्सने जास्तीत जास्त ७४ तास सुचवले, म्हणजे बत्तीस वर्षांत आपण मागणीच वाढवून घेतली, आणि सीव्हीटीएसच्या पोराला ७४ सांगितले तर तो म्हणेल एवढे तर गुरुवारपर्यंत होतात.

एमएस-एमडीला रिसर्च मेथडॉलॉजीचा कोर्स कंपल्सरी आहे, एथिक्सचा आहे, लाइफ सपोर्टचा आहे. चांगलं आहे. टीम चालवण्याचं, वाईट बातमी सांगण्याचं, ज्युनियरला न ओरडता चूक दाखवण्याचं काय? ते 'बघून बघून येतं'. येतंच, त्यात वाद नाही. ज्याचे सर इन्स्ट्रुमेंट फेकायचे तोही पाच वर्षांनी इन्स्ट्रुमेंट फेकतो. एडिनबराच्या रॉयल कॉलेजने आणि अ‍ॅबर्डीनच्या मानसशास्त्रज्ञांनी सर्जनच्या नॉन-टेक्निकल स्किलला मार्क देण्याची पद्धतच बसवली आहे, नॉट्स म्हणतात तिला. चारच गोष्टी त्यात, आजूबाजूला काय चाललंय याचं भान, निर्णय, संवाद आणि टीमवर्क, नेतृत्व. एक माणूस कोपऱ्यात उभा राहून केस बघतो आणि शीट भरतो. याला ना नवीन इमारत लागते ना परदेशी मशीन.

आणि छातीचं काय? नावात थोरॅसिक आहे म्हणून विचारतो. खरं तर आपल्याकडे ही शाखा फुप्फुसातून आली, हृदयातून नाही. वेल्लोरच्या सीएमसीत रीव्ह बेट्स नावाच्या अमेरिकन सर्जनने १९४९ मधे थोरॅसिक सर्जरीचं डिपार्टमेंट सुरू केलं, देशातलं पहिलं, तेव्हा कामाचा मोठा भाग टीबीचा होता. आज एमसीएच करून बाहेर पडणाऱ्या कित्येकांनी कोरोनरी, म्हणजे बायपास, भरपूर केलेली असते आणि लोबेक्टमी, म्हणजे फुप्फुसाचा भाग काढणं, हाताच्या बोटांवर. कारण सोपं आहे, बॉसला ज्यात रस तेच युनिटला येतं आणि युनिटला येतं तेच रेसिडेंटला मिळतं. टीबी मात्र देशातून गेलेला नाही, छातीत पू घेऊन माणसं महिनोन् महिने नळी लावून फिरतात. मुंबईत केईएममधून टाटा हॉस्पिटल चालत पाच मिनिटांवर, तिथं लंग कॅन्सरचं काम, शिवडीचं टीबी हॉस्पिटल फार लांब नाही. रेसिडेंटला सहा महिने फिरवायचं ठरवलं तर भूगोल आड येत नाही, आड येतं ते 'माझा माणूस मी का देऊ'. हा मला लीडरशिपचाच प्रश्न वाटतो, सिलॅबसचा वाटत नाही.

आपण महाराष्ट्रातले लोक हार्ट सर्जनला हिरो करण्यात पुढे आहोत आणि त्याला इतिहासही आहे. केईएममधे प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मधे हार्ट ट्रान्सप्लांट केलं, बर्नार्डच्या जगातल्या पहिल्या हार्ट ट्रान्सप्लांटनंतर अडीच महिन्यांत, म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात. पेशंट काही तासांनी गेला. त्यामागे लॅबमधे कुत्र्यांवर वर्षानुवर्षं केलेले प्रयोग होते आणि सेनांनी तयार केलेली माणसं होती, परुळकर, पांडे वगैरे, ती आपल्याला आठवत नाहीत. हार्ट सर्जन नितू मांडके तर घराघरात माहीत होते, बाळासाहेब ठाकरेंची बायपास केली तेव्हापासून जास्तच. २००३ मधे ते स्वतः हार्ट अ‍ॅटॅकनं गेले, पंचावन्नाव्या वर्षी, आणि अंधेरीत त्यांनी उभं करायला घेतलेलं हॉस्पिटल नंतर दुसऱ्यांनी पूर्ण केलं, आज त्याला कोकिलाबेन म्हणतात. एवढा मोठा डोलारा एका माणसाच्या खांद्यावर असावा का, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. मला स्वतःला लीडर म्हणून हार्ट सर्जन एम. एस. वलियाथन जास्त पटतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमधे त्यांनी इंजिनिअर लोकांना घेऊन कृत्रिम व्हॉल्व्ह बनवायला घेतला, पहिली तीन मॉडेलं फसली, चौथं जमलं आणि डिसेंबर १९९० मधे पहिल्या पेशंटला बसलं. तीन वेळा फसलेल्या टीमला चौथ्यांदा कामाला लावणं हे कुठल्या लॉगबुकात लिहिणार?

बरं, मग करायचं काय. रिझल्ट पेपरात छापा, असं मी म्हणत नाही. न्यूयॉर्क राज्याने सर्जनवार मृत्यूचे आकडे उघड केले, फायदा झाला असं सांगणारे आहेत, आणि हाय रिस्क पेशंट नाकारले जातात अशी तक्रारही तिथंच झाली. ही भीती खोटी नाही. आपल्याकडे तर ती दुप्पट खरी, कारण आपला पेशंट उशिरा येतो, डायबेटिक असतो, रक्तवाहिन्या बारीक, नाहीतर रुमॅटिक तापाने व्हॉल्व्ह खराब झालेली पंचविशीतली बाई असते जिचं हार्ट फुगून भोपळा झालेलं असतं. तिला घेणारा सर्जन आकड्याच्या भीतीनं तिला परत पाठवायला लागला तर असला पारदर्शकपणा नकोच.

पण मधला रस्ता आहे आणि तो कुणीतरी चालून दाखवलाय. अमेरिकेच्या ईशान्येला मेन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर या तीन छोट्या राज्यांत मिळून तेव्हा २३ हार्ट सर्जन होते. त्यांनी ठरवलं की आकडे एकत्र करायचे, आपापसात बघायचे, बाहेर कुणाला लाज वाटावी म्हणून वापरायचे नाहीत. आणि मुख्य म्हणजे एकमेकांच्या हॉस्पिटलला जाऊन दिवसभर उभं राहायचं, एकटा सर्जन नव्हे, अ‍ॅनेस्थेटिस्ट, परफ्युजनिस्ट, नर्स सगळे. तिकडचे लोक हे वेगळं का करतात एवढंच बघायचं. १९९६ मधे त्यांनी छापलं, बायपासनंतरचे हॉस्पिटलमधले मृत्यू अपेक्षेपेक्षा २४ टक्क्यांनी कमी झाले. नवं औषध नाही, नवा व्हॉल्व्ह नाही.

आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचा मार्क द लेव्हाल, त्याचं तर मला फारच कौतुक आहे. नवजात बाळांच्या एका अवघड ऑपरेशनमधे त्याचे रिझल्ट आधी उत्तम होते, मग अचानक लागोपाठ मृत्यू झाले. त्यानं ते लपवलं नाही, नशीब म्हणून सोडूनही दिलं नाही, ज्याचे रिझल्ट चांगले होते त्याच्याकडून परत शिकून घेतलं आणि १९९४ मधे स्वतःच्या मृत्यूंच्या आकड्यांचा पेपर छापला. नंतर त्यानं २१ सर्जनच्या अशा २४३ केसेसचा अभ्यास केला. त्यात निघालं की मोठी चूक टीमला कळते आणि बहुतेक वेळा सावरली जाते, घात करतात त्या बारीकसारीक, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या गोष्टी, एकावर एक साचत गेलेल्या. माझा तो सकर त्यातलाच.

तर माझी मागणी साधी आहे. हार्ट आणि चेस्ट सर्जनच्या तीस पॉइंटांपैकी निम्मे तरी अशा कामाला ठेवा. स्वतःच्या वर्षभराच्या केसेसचं ऑडिट करून चार सहकाऱ्यांसमोर मांडलं, पॉइंट. दुसऱ्या हॉस्पिटलला टीम घेऊन दोन दिवस जाऊन आला, पॉइंट. मॉर्टॅलिटी मीटिंगला (पेशंट का गेला यावर होणाऱ्या मीटिंगला) परफ्युजनिस्ट आणि आयसीयूची सिस्टर बोलली याची नोंद आहे, पॉइंट. एमसीएचच्या शेवटच्या परीक्षेत व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, असतेच, त्यात एक केस अशी ठेवा की टीममधल्या कुणीतरी तुमच्या निर्णयावर शंका घेतली आहे, आता काय कराल ते करून दाखवा. आकडेही कुठून आणायचे हा प्रश्न नाही, महात्मा फुले योजनेखाली होणाऱ्या प्रत्येक बायपासचे कागद, डिस्चार्ज की मृत्यू, सगळं सरकारकडे अपलोड होतंच. आज त्यावर क्लेम पास होतो. तेच आकडे रिस्कचा हिशोब लावून त्या त्या युनिटला गुपचूप परत पाठवा की.

सुरुवात मुंबईपासून करता येईल. केईएम, सायन, नायर, जेजे, चारही सरकारी नाहीतर महापालिकेची, चारही ठिकाणी सीव्हीटीएस आहे आणि एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासावर. केईएमचे सर आपली सिस्टर आणि परफ्युजनिस्ट घेऊन एका मंगळवारी जेजेच्या ओटीत मागे उभे राहिले तर खर्च किती, टॅक्सीचा. यावर लगेच उत्तर येईल की वेळ कुठे आहे, वेटिंग लिस्ट बघा. लिस्ट मीही बघतो. आयसीयूत बेड नाही, रक्त आलं नाही, सेंट्रल एसी बंद, म्हणून ऐनवेळी केस कॅन्सल होऊन आम्ही अख्खी टीम चहा पीत बसतो असे दिवस कुठल्या सरकारी हॉस्पिटलात येत नाहीत? त्यातला पहिला दिवस घ्या.